बेसाल्टातील कर्बवायूचा हिशेब : दोन क्षेत्रीय प्रयोग आणि दख्खनचा प्रश्न

प्रश्नाचे स्वरूप

कोळसा, तेल व नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वातावरणात सोडण्याऐवजी पकडावा, दाबाखाली आणावा आणि खोल खडकात कायमचा कोंडून ठेवावा, या कल्पनेचा विचार गेली काही दशके चालू आहे. कल्पना सांगावयास सोपी आहे. तेलाचे व नैसर्गिक वायूचे साठे कोट्यवधी वर्षे खडकात टिकून राहिलेले आपण पाहतो; तेव्हा खडकास वायू धरून ठेवता येतो याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती निराळी. निसर्गाने भरलेल्या साठ्याची परीक्षा काळाने घेतलेली असते. माणसाने भरलेल्या साठ्याची परीक्षा कोणी व कशी घ्यावयाची? जमिनीत घातलेला वायू घातला तेथेच आहे, वर सरकला आहे, बाजूस पसरला आहे की त्याचा दगड झाला आहे, हे शेकडो मीटर खोलीवर दृष्टीआड घडत असताना सांगावयाचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जगात ठिकठिकाणी क्षेत्रीय प्रयोग झाले आहेत. त्यांपैकी बेसाल्ट खडकात झालेल्या दोन प्रयोगांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसाल्टाने व्यापलेला असल्यामुळे आपल्या दृष्टीने या दोन प्रयोगांस विशेष महत्त्व आहे. क्षेत्रीय प्रयोगाचे मूल्य किती टन वायू जमिनीत गेला यावरून ठरत नाही. गेलेल्या वायूचा हिशेब किती विश्वसनीय रीतीने लावता आला यावरून ते ठरते, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे. सोयीसाठी कार्बन डायऑक्साइडास पुढे कर्बवायू असे म्हटले आहे.

प्रयोगशाळा आणि क्षेत्र

प्रथम गाळाच्या खडकांतील अनुभव थोडक्यात पाहणे इष्ट होईल, कारण या विषयाची सुरुवात तेथेच झाली. ३१ अंश सेल्सिअस तापमान व सुमारे ७४ बार दाब यांच्या पलीकडे कर्बवायू अतिक्रांतिक अवस्थेत जातो. म्हणजे त्याची घनता द्रवासारखी, परंतु वाहण्याची सुलभता वायूसारखी होते. सामान्यतः ८०० मीटरांहून अधिक खोलीवर पाण्याचा दाब या मर्यादेच्या वर असतो. म्हणून बहुतेक योजनांत यापेक्षा खोल असे वालुकाश्म निवडले जातात. उत्तर समुद्रातील स्लाइप्नर येथे १९९६ पासून उत्सिरा वालुकाश्मात वर्षाला एक दशलक्ष टनाच्या आसपास वायू घालण्यात येऊ लागला, तो याच पद्धतीने.

अशा अवस्थेतही कर्बवायू खडकातील खाऱ्या पाण्याहून हलकाच असतो व तो वर चढू पाहतो. त्याला अडविणारी व्यवस्था चार प्रकारची आहे. वरचा अपार्य थर त्याला रोखतो; मार्गातील बारीक छिद्रांत त्याचा काही अंश अडकून पडतो; काही अंश पाण्यात विरघळतो; आणि उरलेल्यापैकी काहींचे कालांतराने कार्बोनेट खनिज बनते. या क्रमाने साठा अधिकाधिक निर्धोक होत जातो; पण वालुकाश्मात शेवटची पायरी गाठावयास शेकडो ते हजारो वर्षे लागावीत असा अंदाज आहे. तोवर भिस्त वरच्या थराच्या अभंगतेवर.

या व्यवस्थेविषयी प्रयोगशाळेत व गणिताने पुष्कळ काही सांगता येते. तथापि क्षेत्रात गेल्यावर काय कळते याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टनच्या पूर्वेस, ऑक्टोबर २००४ मध्ये फ्रिओ नावाच्या वालुकाश्मात सुमारे १,५०० मीटर खोलीवर दहा दिवसांत १,६०० टन वायू घालण्यात आला. ३० मीटर अंतरावर निरीक्षण-विहीर होती. सुमारे दोन दिवसांत वायू तेथे पोहोचला, आणि त्याबरोबर तेथील पाण्याचे पीएच मूल्य ६.५ वरून ५.७ पर्यंत उतरले. पाण्यात विरघळलेल्या लोहाचे प्रमाण मात्र लिटरला सुमारे ३० मिलिग्रॅमवरून १,१०० मिलिग्रॅमपर्यंत चढले. पीएच मूल्यातील एका अंकाहूनही कमी उतारामुळे वाळूच्या कणांवरील लोहाच्या ऑक्साइडांचे लेप झपाट्याने विरघळले, असा याचा अर्थ लावण्यात आला. आम्ल बनलेले हे पाणी लोहाबरोबर अन्य धातूही मोकळे करू शकते, आणि विहिरीभोवतीच्या सिमेंटासही ते अपायकारक ठरू शकते, ही सूचना त्यातून मिळाली.

दुसरे उदाहरण जर्मनीतील. बर्लिनच्या पश्चिमेस केट्झिन येथे २००८ ते २०१३ या काळात सुमारे ६७,००० टन वायू ६३० मीटरांच्या आसपास खोलीवर घालण्यात आला. ५० मीटर अंतरावरील निरीक्षण-विहिरीत वायू सुमारे तीन आठवड्यांत पोहोचला. ११२ मीटर अंतरावरील विहिरीत पोहोचावयास मात्र सुमारे नऊ महिने लागले. पहिल्या विहिरीविषयीचे गणिती भाकीत बरेचसे खरे ठरले, दुसरीविषयीचे चुकले. वायू भाकितापेक्षा पुष्कळ उशिरा आला. तेथील थर प्राचीन नद्यांच्या पात्रांत साचलेला असल्यामुळे दर काही मीटरांवर त्याची पार्यता बदलते. गणितात खडक सरासरीने घ्यावा लागतो, आणि वायू तर सरासरीने प्रवास करीत नाही. क्षेत्रीय प्रयोगाची आवश्यकता असते ती एवढ्याचसाठी.

बेसाल्टाचे रसायन

बेसाल्टाची गोष्ट वालुकाश्माहून भिन्न आहे. वालुकाश्मातील क्वार्ट्झ कर्बवायूशी जवळजवळ काहीच क्रिया करीत नाही. बेसाल्टात कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह यांचे प्रमाण वजनाने एक-चतुर्थांशापर्यंत असू शकते, आणि ही मूलद्रव्ये ऑलिव्हीन, पायरोक्सीन, प्लॅजिओक्लेज व ज्वालामुखी काच अशा सहज विघटन पावणाऱ्या घटकांत असतात. कर्बवायू पाण्यात विरघळला की कार्बॉनिक अम्ल होते; हे अम्ल खडकातील धातू मोकळे करते; खडकाचे विघटन होत असता अम्लता खर्ची पडते व पीएच मूल्य पुन्हा चढू लागते; आणि पुरेसे चढल्यावर मोकळ्या झालेल्या धातूंचा विरघळलेल्या कार्बोनेटाशी संयोग होऊन कॅल्साइट, अँकेराइट किंवा सिडेराइट यांसारखी खनिजे पडतात. ज्या अम्लामुळे खडक विरघळतो त्याच अम्लास खडक उदासीन करतो, हे या क्रियेचे मर्म होय.

येथे आकारमानाचा एक हिशेब ध्यानात ठेवावा. ४४ भाग कर्बवायूपासून १०० भाग कॅल्साइट बनते. म्हणजे एक टन वायूचे सुमारे २.२७ टन कॅल्साइट होईल, आणि २.७१ ही त्याची घनता घेता ते सुमारे ०.८४ घनमीटर जागा व्यापील. ही जागा खडकातील छिद्रांतूनच यावयाची. त्यातील काही भाग मूळ खनिजे विरघळल्याने मोकळा होतो हे खरे. पण विघटनाची जागा व निक्षेपाची जागा एकच असते असे नाही. वायूचा दगड होणे ही इष्ट गोष्ट असली, तरी तो दगड चुकीच्या ठिकाणी झाल्यास वाटच बुजण्याचा संभव आहे. हा प्रश्नही क्षेत्रातच सुटणारा आहे.

आइसलँडमधील प्रयोग

आइसलँडच्या नैर्ऋत्य भागात हेत्लिसहेदी येथे भूऔष्णिक वीजकेंद्र आहे. भूगर्भातून येणाऱ्या वाफेबरोबर कर्बवायू व हायड्रोजन सल्फाइडही वर येतात. हेच वायू जवळच्या बेसाल्टात परत घालावे या हेतूने कार्बफिक्स ही योजना आखण्यात आली. जानेवारी ते मार्च २०१२ मध्ये १७५ टन शुद्ध कर्बवायू, आणि त्याच वर्षी जून ते ऑगस्टमध्ये ७३ टन मिश्र वायू जमिनीत घालण्यात आला.

या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे, की वायू कोरडा न घालता पाण्यात विरघळवून घालण्यात आला. विहिरीत पाणी खाली जात असता सुमारे ३५० मीटर खोलीवर वायू बारीक बुडबुड्यांच्या रूपाने त्यात सोडला जाई, आणि सुमारे ५४० मीटरांवर मिश्रण खडकात शिरेपर्यंत तो पूर्णपणे विरघळून जाई. सोडावॉटरच्या बाटलीत दाबाखाली वायू विरघळलेला असतो, तसाच हा प्रकार. विरघळलेला कर्बवायू असलेले पाणी साध्या पाण्याहून किंचित जड असल्याने वर चढण्याची प्रवृत्तीच राहत नाही, व अपार्य थरावरची भिस्त पुष्कळ कमी होते. याचे मोल द्यावे लागते ते पाण्याच्या रूपाने : एक टन वायूस सुमारे २५ टन पाणी.

आता हिशेबाकडे वळू. पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेला निरीक्षण-विहीर होती. तिच्या पाण्यात घातलेला कर्ब कमी आढळला, तर तो दगड झाला की केवळ भोवतालच्या पाण्यात मिसळून विरळ झाला, हे कसे ठरवावयाचे? त्यासाठी घातलेल्या पाण्यात दोन खूणद्रव्ये मिसळली होती. पहिल्या टप्प्यात सल्फर हेक्झाफ्ल्युओराइड हा निष्क्रिय वायू वापरला गेला. तो खडकाशी क्रिया करीत नाही. म्हणून तो जितका विरळ झाला तितकेच पाणी मिसळले असे धरता येते. दुसऱ्या टप्प्यात, दोन टप्प्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून, त्याच जातीचा दुसरा वायू घेतला होता. दुसरे खूणद्रव्य कार्बन-१४ हे होय. भूगर्भातून येणारा कर्बवायू अतिप्राचीन असल्यामुळे त्यात कार्बन-१४ नसतो. तेव्हा घालावयाच्या वायूस अल्प प्रमाणात कार्बन-१४ ची खूण केली, की हा कर्ब आपला, हे ओळखता येते.

एका काल्पनिक उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, घातलेल्या पाण्यात लिटरला ८०० एकके कर्ब होता, आणि तेथील मूळच्या पाण्यात २ एकके. निरीक्षण-विहिरीतील एका नमुन्यात निष्क्रिय वायूचे प्रमाण घातलेल्या पाण्याच्या एक-दशांश आढळले. याचा अर्थ नमुन्यातील एक-दशांश पाणी आपले व नऊ-दशांश तेथील. मग कर्ब ८२ एककांच्या जवळपास असावयास हवा. प्रत्यक्षात तो ५ एकके आढळला, तर ७७ एकके वाटेतच पाण्यातून निघून गेली. येथे एक आक्षेप घेता येईल : खडकातील जुने कॅल्साइट विरघळून त्याचा कर्ब पाण्यात आला असल्यास ही तूट झाकली जाईल व हिशेब चुकेल. जुन्या कॅल्साइटातील कर्ब कार्बन-१४ विरहित असल्यामुळे दुसरे खूणद्रव्य या आक्षेपाचा निकाल लावते. विरघळलेल्या कर्बाचा हिशेब आणि कार्बन-१४ चा हिशेब असे दोन्ही स्वतंत्रपणे करण्यात आले, व दोहोंवरून एकच निष्कर्ष निघाला, की घातलेल्या कर्बापैकी ९५ टक्क्यांहून अधिक कर्ब दोन वर्षांच्या आत खनिज बनला. २०१६ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याने बऱ्याच संशोधकांस आश्चर्यचकित केले. कारण बेसाल्टातही या क्रियेस याहून कितीतरी अधिक काळ लागेल अशी समजूत होती.

या प्रयोगातील एक प्रसंग उल्लेखनीय आहे. वायू घालण्यास आरंभ झाल्यानंतर सुमारे दीड वर्षाने निरीक्षण-विहिरीतील पंप बंद पडला. बाहेर काढून पाहता त्यावर कॅल्साइटाचे पुट चढलेले आढळले, आणि त्या कॅल्साइटात घातलेल्या वायूची कार्बन-१४ ची खूण होती. यंत्र बंद पडल्याने नोंदींत खंड पडला; पण जो निष्कर्ष केवळ वजाबाकीने निघत होता त्याला डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावा त्या बिघाडामुळेच मिळाला.

वॉलूला येथील प्रयोग

दुसरा प्रयोग अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात वॉलूला येथे झाला. तेथील कोलंबिया नदीचा बेसाल्ट हा दख्खनप्रमाणेच भेगांतून वाहून आलेल्या लाव्ह्याच्या थरांवर थर रचून तयार झालेला आहे. त्याचे वय मात्र दख्खनच्या सुमारे एक-चतुर्थांश. पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी जुलै-ऑगस्ट २०१३ मध्ये तेथे ९७७ टन कर्बवायू ८२८ ते ८८७ मीटर खोलीवर घातला. येथे पाणी वापरले नाही. वायू अतिक्रांतिक अवस्थेत, कोरडाच घातला. लाव्ह्याच्या प्रत्येक प्रवाहाचा माथा कुहरांनी व भंगलेल्या तुकड्यांनी पोकळ झालेला असतो, तर त्याचा मध्यभाग घट्ट असतो. अशा तीन लगतच्या पोकळ माथ्यांत वायू भरण्यात आला; वरच्या प्रवाहांचे घट्ट मध्यभाग हे त्याचे झाकण.

सुमारे दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, विहिरीच्या भिंतींतून खडकाचे लहान दंडगोल नमुने काढण्यात आले. त्यांच्या कुहरांत अँकेराइटाच्या बारीक गाठी चिकटलेल्या आढळल्या. या गाठी मूळच्याच नव्हेत कशावरून? त्यासाठी कर्बाच्या स्थिर समस्थानिकांचे गुणोत्तर तपासले गेले. ते तेथील नैसर्गिक कॅल्साइटाशी जुळले नाही, घातलेल्या वायूशी जुळले. तेव्हा वायूचा दगड झाला यात शंका उरली नाही. परंतु किती वायूचा झाला? हे थोड्या नमुन्यांवरून सांगता येण्याजोगे नव्हते. ते ठरविण्यासाठी वायू घालण्यापूर्वीच्या व नंतरच्या जलीय चाचण्यांची तुलना करून, खडकातील छिद्रे व त्यांतील द्रव-वायू यांत झालेला बदल गणिती प्रतिमानाने काढण्यात आला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार दोन वर्षांत सुमारे ६० टक्के वायू खनिज झाला, आणि त्या खनिजाने उपलब्ध छिद्रांपैकी सुमारे ४ टक्के जागा व्यापली. शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. कारण त्यावरून निदान या प्रमाणावर वाट बुजण्याची भीती नव्हती असे दिसते. तथापि काही वायू मोकळ्या स्थितीत पोकळ थरांच्या वरच्या अंगास साचून राहिलेला आढळला, हेही नमूद केले पाहिजे.

दोन उत्तरांची तुलना

९५ आणि ६० हे दोन आकडे शेजारी ठेवून आइसलँडचा बेसाल्ट अधिक चांगला असा निवाडा देण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. एका ठिकाणी वायू विरघळलेला होता. खडकाशी क्रिया करण्यास तो पहिल्या क्षणापासून सिद्ध होता. दुसऱ्या ठिकाणी वायूस प्रथम पाण्याशी संपर्क साधून त्यात विरघळावयाचे होते. एका ठिकाणी भूशास्त्रीय दृष्ट्या अगदी तरुण बेसाल्ट होता, तर दुसऱ्या ठिकाणी दीड कोटी वर्षांहून जुना. आणि मुख्य म्हणजे दोन्ही ठिकाणची मोजण्याची रीत निराळी होती.

आइसलँडमधील रीत प्रमाण सांगते, स्थान सांगत नाही. दोन विहिरींच्या दरम्यान कर्ब पाण्यातून निघून गेला हे तीवरून कळते. तो कोणत्या फटीत, किती जाडीने बसला हे कळत नाही. शिवाय निरीक्षण-विहिरीपर्यंत न आलेल्या पाण्याविषयी तिला अनुमानच करावे लागते. वॉलूला येथील रीत याच्या उलट आहे. खनिजाचे स्थान व ओळख तिने निःसंशय पटविली. परंतु एकूण प्रमाण प्रतिमानावर अवलंबून राहिले. एकाजवळ हिशेब पक्का आहे पण माल फारसा दिसत नाही. दुसऱ्याजवळ माल हातात आहे पण हिशेब अनुमानाचा आहे. कोणत्याही पुढील प्रयोगाने या दोन्ही रीती एकाच ठिकाणी योजल्या पाहिजेत, हा या तुलनेतून निघणारा पहिला धडा होय.

दुसरा धडा प्रमाणाविषयीचा आहे. पाणी व वायू यांचे आइसलँडमधील प्रमाण धरल्यास, वर्षाला दहा लाख टन वायू घालण्यासाठी सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी लागेल. आपल्याकडे धरणांचे साठे ज्या मापाने सांगितले जातात त्या मापाने हे जवळजवळ एक अब्ज घनफूट होते. म्हणजे पुण्याच्या खडकवासला धरणाच्या उपयुक्त साठ्याचा निम्म्याच्या आसपास भाग. एक हजार मेगावॅटचे कोळशावरील वीजकेंद्र पूर्ण भाराने चालल्यास वर्षाला याच्या कित्येक पट वायू सोडते. हे पाणी त्याच खडकातून उपसून त्यातच परत सोडता येते. त्यामुळे ते सर्वस्वी खर्ची पडते असे नाही. आइसलँडमध्ये पुढे गोड्या पाण्याऐवजी समुद्राचे पाणी वापरून पाहण्याच्या क्षेत्रीय प्रयत्नांसही आरंभ झाला. तरीपण अवर्षणाची सवय असलेल्या प्रदेशात हा आकडा दृष्टीआड करता येणार नाही.

दख्खनचा प्रश्न

दख्खनचा बेसाल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला असून त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे आहे. परळी, भुसावळ व नाशिकजवळील एकलहरे येथील वीजकेंद्रे याच खडकावर उभी आहेत. साहजिकच त्याच्या साठवणक्षमतेविषयी मोठे आकडे मांडले गेले आहेत. नीति आयोगाच्या २०२२ मधील अहवालात भारतातील बेसाल्टांची क्षमता ९७ ते ३१६ अब्ज टन दिली आहे. खालचा व वरचा आकडा यांत तिपटीहून अधिक अंतर आहे, ही गोष्टच पुरेशी सूचक आहे. क्षेत्रफळ, जाडी व छिद्रता यांच्या गुणाकारातून येणारे आकडे हे खडकाच्या सैद्धांतिक सामर्थ्याचे द्योतक असतात. त्यांना साठा म्हणता येत नाही.

वरील दोन प्रयोगांच्या प्रकाशात दख्खनविषयी निदान पाच प्रश्न उपस्थित होतात.

पहिला प्रश्न खोलीचा. किल्लारी येथे १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या विंधन-विहिरीत बेसाल्टाची जाडी ३३८ मीटरच भरली. कोयना परिसरात तीन किलोमीटरपर्यंत नेलेल्या विहिरीत ती सव्वा किलोमीटरच्या आसपास आढळली. म्हणजे वॉलूला येथील कोरडी पद्धत पश्चिमेकडील जाड पट्ट्यातच विचारात घेता येईल. मराठवाड्यासारख्या भागात बेसाल्टातच साठवण करावयाची तर विरघळविण्याची पद्धत तेवढी उरते. आणि तीस पाणी लागते. जेथे खडक उथळ तेथेच पाणी दुर्मीळ, अशी ही विसंगती आहे.

दुसरा प्रश्न छिद्रांचा. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील खाणींत बेसाल्टाच्या पोकळ्यांतून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट यांचे व कॅल्साइटाचे सुंदर स्फटिक निघतात. जगभरच्या संग्रहालयांत ते मानाने ठेवलेले असतात. त्यांतील कॅल्साइट पाहून, निसर्गाने हा प्रयोग येथे पूर्वीच केला आहे असे कोणी म्हणेल, व ते योग्यच होईल. परंतु त्याच स्फटिकांचा दुसरा अर्थ असा, की कित्येक पोकळ्या आधीच भरून गेल्या आहेत. विहीर खणणारे लोक ज्यास मांजऱ्या म्हणतात तो खडक म्हणजे अशा भरलेल्या कुहरांचाच बेसाल्ट. शिवाय झिओलाइट बनताना कॅल्शियम खर्ची पडते. म्हणजे ते कार्बोनेटाशी स्पर्धा करणारे खनिज आहे. तरुण बेसाल्टातील वेग जुन्या बेसाल्टास लागू करण्यापूर्वी याचा विचार झाला पाहिजे.

तिसरा प्रश्न प्रवाहांच्या रचनेचा. वॉलूला येथे वायू सामावला तो भंगलेल्या, सलग पसरलेल्या माथ्यांत. दख्खनमध्ये काही शैलसमूहांत असे सलग प्रवाह आहेत. काहींत मात्र लहान लहान लोळांचे एकमेकांत गुंतलेले संयुक्त प्रवाह आहेत, ज्यांतील पोकळ भाग तुटक असतो. सह्याद्रीच्या कड्यांवर आपणांस जे क्रम वाचता येतात, तेच आठशे मीटर खोलीवर आहेत असे गृहीत धरता येत नाही. तेथे कोणत्या प्रकारचे प्रवाह आहेत हे विंधनानेच कळेल.

चौथा प्रश्न भूकंपाचा. १० डिसेंबर १९६७ रोजी कोयना येथे ६.३ परिमाणाचा भूकंप झाला, आणि जलाशयातील पाण्याशी असलेल्या संबंधामुळे त्या भागाचा अभ्यास जगभर झाला. पाण्याच्या दाबातील बदल प्रस्तरभंगांस चाळवू शकतो हे कोयनेने शिकविले. हेत्लिसहेदी परिसरातही ऑक्टोबर २०११ मध्ये, वीजकेंद्रातील वापरलेले पाणी जमिनीत परत घालू लागल्यावर, सुमारे ४ परिमाणाचे धक्के बसले होते. तेव्हा दख्खनचा जो भाग जाडीच्या दृष्टीने सोयीचा, त्याच्याच काही अंशात भूकंपाविषयी अधिक सावधगिरी हवी, हे उघड आहे.

पाचवा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा, आणि लेखकाच्या मते सर्वांत निकडीचा. महाराष्ट्रातील असंख्य गावे याच बेसाल्टातील विहिरी व कूपनलिका यांवर जगतात. फ्रिओ येथे पीएच मूल्य थोडेसे उतरताच लोह किती वाढले ते आपण पाहिले. बेसाल्टात अम्लता लवकर शमते हे खरे; परंतु घट्ट बेसाल्टातील उभे सांधे वरच्या व खालच्या पाण्यास जोडीत नाहीत ना, हे आधी सिद्ध झाले पाहिजे. आपल्याकडील भूजलाची रासायनिक घडण पावसाळ्यानुसार बदलते. मातीतून झिरपणारे पाणी दरवर्षी नवा कर्ब खाली नेते. म्हणून वायूचा पहिला टन जमिनीत जाण्यापूर्वी निदान एक संपूर्ण वर्षचक्र आसपासच्या विहिरींच्या नोंदी झालेल्या असाव्यात. तसे न केल्यास पुढे एखाद्या विहिरीचे पाणी बिघडले, तर ते प्रयोगामुळे बिघडले असे सिद्ध करता येणार नाही, आणि प्रयोगामुळे बिघडले नाही असेही सिद्ध करता येणार नाही.

समारोप

दख्खनच्या बेसाल्टावर प्रयोगशाळेत काम झालेले आहे. खडकाचा चुरा, पाणी व वायू एका पात्रात ठेवून कार्बोनेट बनते हे पाहणे उपयुक्त आहे. पण चुऱ्याचे पृष्ठफळ अखंड खडकाच्या कितीतरी पट असते, आणि पात्रास फटी नसतात. पुढची पायरी क्षेत्रातील आहे. तिला लाखो टन वायूची आवश्यकता नाही. आइसलँडच्या प्रयोगात दोन्ही टप्पे मिळून २५० टनांहून कमी वायू घातला गेला होता, आणि त्याने या विषयाची दिशा बदलली. आवश्यकता आहे ती योग्य जागेची, एकाहून अधिक निरीक्षण-विहिरींची, आरंभीच मिसळलेल्या खूणद्रव्यांची, आधी व नंतर काढलेल्या खडकाच्या नमुन्यांची आणि वर्षानुवर्षे न खंडता ठेवलेल्या नोंदींची.

यांपैकी पुष्कळशा गोष्टींस प्रत्यक्ष वायू हाती येण्याची वाट पाहावी लागत नाही. खोल विंधनांतून मिळालेल्या बेसाल्टाच्या नमुन्यांची छिद्रता व पार्यता मोजणे, कुहरांतील दुय्यम खनिजांचा क्रम व त्यांतील कर्बाचे समस्थानिक गुणोत्तर ठरविणे, निवडक क्षेत्रांतील विहिरींच्या पाण्याचे ऋतुमानानुसार विश्लेषण करणे, ही कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहेत. उद्या दख्खनमध्ये कर्बवायू घालावा की न घालावा याचा निर्णय होईल, तेव्हा तो या नोंदींच्या आधारे व्हावा. त्या वेळी नोंदी नसतील, तर निर्णय तरीही होईल. मात्र तो गुणाकारातून निघालेल्या आकड्यांवर होईल, आणि त्याचा परिणाम या खडकातील विहिरींवर जगणाऱ्या गावांस भोगावा लागेल.